रोजच्या केरासाठी हलका स्टिक व्हॅक्युम: घेताना काय बघायचं, घेतल्यावर कसा टिकवायचा

स्टिक व्हॅक्युमच्या खोक्यावर सगळ्यात ठळक छापलेला आकडा सक्शनचा, म्हणजे हवा ओढण्याच्या ताकदीचा असतो, आणि रोजच्या केराशी त्याचाच संबंध सगळ्यात कमी असतो. गुळगुळीत लादीवरचा केर केरसुणीनेही निघतो. त्याला फार ताकद लागत नाही. रोज वापरायचं यंत्र एका हाताने भिंतीवरून काढता आलं पाहिजे, दहा मिनिटांत दोन खोल्या फिरवून परत अडकवता आलं पाहिजे, आणि त्याची डबी ओतताना आपल्याच अंगावर धूळ उडता कामा नये. १९८२ साली सुरू झालेल्या युरेका फोर्ब्स कंपनीने 'युरोक्लीन' हा व्हॅक्युम क्लीनर दारोदार जाऊन विकला. त्या डबा-नळीच्या यंत्रांत ओढ भरपूर होती, तरी कित्येक घरांत ती माळ्यावर गेली आणि दिवाळीच्या साफसफाईपुरतीच खाली उतरू लागली. यंत्रात खोट नव्हती. काढा, नळी जोडा, वायर सोडा, पुन्हा गुंडाळा, हा खटाटोप रोज कोण करणार?

म्हणून हलकेपणा आधी बघायचा, ताकद नंतर.

घरात काय सांडतं?

दुकानात जाण्याआधी आठवडाभर केरभरणीत काय जमतं ते बघा. लांब केस, स्वयंपाकघरातले तांदळाचे-पोह्यांचे दाणे, चपलांबरोबर आलेली कच, रस्त्यालगतच्या किंवा बांधकामाशेजारच्या घरात पिठासारखी बारीक धूळ, कोकणात पायाला लागून येणारी तांबडी माती. यातलं जे जास्त, त्यावर ब्रशहेड, म्हणजे यंत्राचं जमिनीवर फिरणारं तोंड ठरतं. केस जास्त असतील तर गुंता न होणारा रोलर (हेडमधलं फिरणारं लाटणं) हवा. बारीक धूळ जास्त असेल तर फिल्टर चांगला हवा. दाणे आणि कच जास्त असेल तर हेडच्या पुढच्या बाजूला फट हवी. त्याबद्दल पुढे सविस्तर.

मग फरशी. व्हिट्रिफाइड टाइल, संगमरवर, मोझॅक यांवर मऊ रोलर उत्तम चालतो. जुन्या घरातली शहाबादी किंवा कोटा खडबडीत असते आणि सांधे खोल असतात, तिथे मऊ रोलर वरवर फिरतो आणि सांध्यातली माती तशीच राहते. अशा घराला कडक केसांचा ब्रश लागतो, किंवा दोन्ही प्रकार एकाच रोलरवर असलेलं हेड. अमेरिकेत वा इंग्लंडमध्ये भिंतीपासून भिंतीपर्यंत कार्पेट असलेल्या घरात राहणाऱ्यांचं गणित निराळं. तिथे कडक ब्रश आणि जास्त ओढ दोन्ही हवं, आणि दीड किलोच्या यंत्राकडून ते होत नाही.

वेळेचा अंदाजही आधीच घ्या. सामानाखालची जागा सोडून वनबीएचकेला साधारण आठ-दहा मिनिटं लागतात, टूबीएचकेला पंधरा, थ्रीबीएचकेला पंचवीसच्या आसपास. बॅटरी किती मोठी हवी ते यावरूनच कळतं.

वजन: छापलेलं आणि हातावर येणारं

जाहिरातीत 'फक्त १.३ किलो' लिहिलेलं असतं, तेव्हा पहिला प्रश्न विचारायचा: कशाचं? बऱ्याचदा ते नुसत्या मुख्य भागाचं असतं, म्हणजे मोटर, डबी आणि मूठ. नळी आणि ब्रशहेड जोडलं की त्यात सहाशे-सातशे ग्रॅम ते एक किलोची भर पडते. पूर्ण जोडलेल्या यंत्राचं वजन साधारण दीड ते सव्वातीन किलोंच्या दरम्यान असतं. रोजच्या वापरासाठी अडीच किलोंच्या आत राहा. घरात ज्येष्ठ माणूस यंत्र चालवणार असेल किंवा मनगटाचं दुखणं असेल तर दोनच्या आत.

पण दोन किलोंची दोन यंत्रं हाताला सारखी लागत नाहीत. मोटर आणि डबी मुठीजवळ असेल तर वजन मनगटावर येतं. त्या बदल्यात नळी बारीक राहते, यंत्र पलंगाखाली पूर्ण आडवं जातं आणि पंख्यापर्यंत उचलताही येतं. मोटर खाली, हेडजवळ असेल तर हाताला जवळजवळ काहीच जाणवत नाही, पण दिवाणाखाली ते फुगीर पोट अडकतं आणि वरचं जाळं काढायला उचललं की तोल जातो. फक्त जमिनीचाच केर काढायचा असेल आणि खांदा-मनगट नाजूक असेल तर खाली मोटर असलेलं घ्या. बाकी सगळ्यांना वर मोटर असलेलंच सोयीचं.

मोजायची सोपी पद्धत: सामान तोलायचा आकडीवाला काटा मुठीत अडकवा, ब्रशहेड जमिनीवर ठेवा आणि यंत्र आपण केर काढताना धरतो तेवढं तिरकं करा. काट्यावर येईल ते मनगटावरचं खरं वजन. ते एक किलोच्या आत असेल तर पंधरा मिनिटं सहज निघतात. दुकानात काटा नसेल तर नुसता मुख्य भाग खांद्याच्या उंचीवर हात लांब करून मिनिटभर धरा. तिसाव्या सेकंदाला हात थरथरला तर पडद्याची दांडी आणि कपाटाची वरची बाजू या यंत्राने होणार नाही, हे धरून चाला.

वजन कमी होताना कशाला तरी कात्री लागलेली असते. डायसन कंपनीची दोन मॉडेलं शेजारी ठेवली की हे चटकन दिसतं. व्ही १२ डिटेक्ट स्लिमचं वजन सुमारे २.२ किलो, ताकद १५० एअर वॉट (हे माप पुढे समजावलं आहे), डबी जेमतेम ०.३५ लिटर. व्ही १५ डिटेक्ट तीन किलोंच्या वर, २४० एअर वॉट, डबी पाऊण लिटरच्या आसपास. हलक्याची डबी निम्म्याहून लहान. रोज केर काढणाऱ्या टूबीएचकेला ती पुरते. आठवड्यातून एकदाच काढणाऱ्याला मध्येच दोनदा ओतायला उठावं लागेल.

बटणही बघा. काही यंत्रं बोटाने खटका दाबून धरला तरच चालतात, सोडला की बंद. बॅटरी वाचते हे खरं, पण दहा मिनिटांनी बोट आखडतं. संधिवात असेल तर एकदा दाबून चालू आणि पुन्हा दाबून बंद होणारंच घ्या. उंची कमी असेल तर नळीची लांबी बदलते का तेही विचारा. मूठ कमरेच्या वर गेली की खांदा भरून येतो.

सक्शनचे आकडे वाचायचे कसे

आकडे तीन प्रकारचे. मोटरचे वॉट म्हणजे यंत्र किती वीज खातं तेवढंच. किती कचरा उचलतं हे त्यातून कळत नाही. किलोपास्कल म्हणजे नळीचं तोंड पूर्ण बंद केल्यावर आत निर्माण होणारी ओढ. पण तोंड बंद असताना हवाच वाहत नाही, आणि कचरा वाहून नेते ती हवा. एअर वॉट या आकड्यात ओढ आणि हवेचा प्रवाह दोन्ही येतात: किलोपास्कल गुणिले सेकंदाला किती लिटर हवा. ८ किलोपास्कल ओढीला सेकंदाला १० लिटर हवा वाहत असेल तर ८० एअर वॉट.

इथे एक मेख आहे. ओढ कमाल असते तेव्हा प्रवाह शून्य असतो, आणि प्रवाह कमाल असतो तेव्हा ओढ जवळजवळ शून्य. त्यामुळे दोन्ही कमाल आकड्यांचा सरळ गुणाकार चालत नाही. प्रत्यक्षात त्याच्या साधारण पाव पटच ताकद मिळते. २० किलोपास्कल आणि २० लिटर छापलेल्या यंत्राकडून १०० एअर वॉटची अपेक्षा ठेवा, ४००ची नको. आणि छापलेला आकडा नेहमी सगळ्यात वरच्या गतीचा असतो, जी रोज कुणी वापरत नाही.

गुळगुळीत फरशीला मधल्या गतीवर ५०-६० एअर वॉट भरपूर झाले. गादी, सोफा, सतरंजी यांना शंभरच्या वर असलेलं बरं. फक्त किलोपास्कल छापलेले असतील तर दोन यंत्रांची तुलना त्यावरून करू नका, चाचणीवरून करा.

ब्रशहेड: पैसे इथे घाला

दोन यंत्रांत ओढ सारखी असूनही एक केर उचलतं आणि दुसरं तो पुढे ढकलत नेतं. फरक हेडचा.

मऊ रोलर म्हणजे मखमलीसारख्या कापडाचं जाड लाटणं. ते फरशीला टेकून फिरतं, बारीक धूळ पुसून आत ढकलतं आणि दाणेही गिळतं, कारण त्याची पुढची बाजू उघडी असते. कडक केसांचा ब्रश वेगाने फिरतो आणि टाइलवर तांदूळ, साबुदाणा मागे उडवतो. तुमच्या पायाला दाणे लागायला लागले की समजायचं. मोटर नसलेलं, नुसत्या फटीचं हेड स्वस्तातल्या वायरवाल्या यंत्रांना येतं. टाइलवर तेही चालतं, फक्त चिकटून बसलेले केस त्याला जुमानत नाहीत.

हेड उलटं करून बघायच्या गोष्टी अशा. पुढच्या ओठाखाली दाणा आत जाईल एवढी फट आहे का? ओठ अगदी फरशीला टेकलेला असेल तर पोहे पुढे पुढे ढकलले जातात आणि शेवटी भिंतीशी ढीग लागतो. चाकं रबरी आहेत की कडक प्लॅस्टिकची? कडक चाकात कच रुतली की संगमरवरावर बारीक चरे उमटतात. रोलर हेडच्या कडेपर्यंत पोचतो का? बऱ्याच हेडांत दोन्ही बाजूंना दीड-दोन सेंटिमीटर जागा कोरी राहते आणि पायथ्याच्या पट्टीलगतची धूळ तशीच राहते. रोलर हाताने, फार तर नाण्याने पिळ देऊन निघतो का? स्क्रू ड्रायव्हर लागत असेल तर तो कधीच निघणार नाही, आणि महिन्याभरात त्यावर केसांची दोरी वळलेली दिसेल. शेवटचं, मानेचा सांधा. मनगट वळवल्यावर हेड डावी-उजवीकडे सहज फिरलं पाहिजे आणि नळी जमिनीसरशी आडवी झाल्यावरही हेड पूर्ण टेकलेलं राहिलं पाहिजे. घरातला सगळ्यात बुटका पलंग किती उंचीवर आहे ते मोजून जा. दहा सेंटिमीटरच्या फटीत बारा सेंटिमीटर जाडीचं पोट जाणार नाही.

हेडवरचा दिवा मात्र चैन समजू नका. तिरका उजेड फरशीवर पडला की भर दिवसा न दिसणारी धूळ दिसते आणि कुठे फिरवलं, कुठे राहिलं ते कळतं.

पाण्याची टाकी लावलेलं 'मॉप' हेड हा बहुतेक वेळा ओला कपडा ओढण्याचा प्रकार असतो. लादी पुसायला पोछाच बरा. व्हॅक्युमचा खरा फायदा असा की आधी धूळ नीट निघाली तर पुसताना बादलीत चिखल होत नाही.

बॅटरीचं गणित

खोक्यावरची 'चाळीस मिनिटं' ही सगळ्यात कमी गतीवर, आणि बहुधा मोटरचा रोलर न जोडता मोजलेली असतात. स्वतः हिशोब करा. बॅटरीवर व्होल्ट आणि अँपिअर-तास लिहिलेले असतात, त्यांचा गुणाकार म्हणजे वॉट-तास. २१.६ व्होल्ट आणि २५०० मिलिअँपिअर-तास (म्हणजे २.५ अँपिअर-तास) यांचे ५४ वॉट-तास. वरच्या गतीला मोटर ३५० वॉट खात असेल तर ही बॅटरी नऊ मिनिटांत संपते. मधल्या गतीला १५० वॉट धरले तर एकवीस मिनिटं. कमी गतीला ८० वॉट धरले तर चाळीस. खोक्यावरचे चाळीस ते हेच. टूबीएचकेला मधल्या गतीची वीस मिनिटं पुरतात. थ्रीबीएचकेसाठी ७०-८० वॉट-तासांच्या पुढे बघा किंवा दुसरी बॅटरी घ्या.

व्होल्टच्या आकड्यात एक चलाखी चालते. लिथियम-आयन सेल ३.६ व्होल्टचा धरतात, पण पूर्ण चार्ज झाल्यावर तो ४.२ दाखवतो. २५.२ व्होल्ट लिहिलेली बॅटरी सात सेलची असू शकते, किंवा सहा सेलचीच, पूर्ण चार्जचा आकडा छापून मोठी दाखवलेली. म्हणून व्होल्टवर जाऊ नका; बॅटरीच्या लेबलवरचे वॉट-तास वाचा.

बॅटरी निघणारी हवी, यावर तडजोड नको. साधारण तीनशे ते पाचशे पूर्ण चार्जनंतर तिची क्षमता ऐंशी टक्क्यांवर येते. रोज निम्मी वापरली तर दोन दिवसांत एक पूर्ण चार्ज, म्हणजे दोन-अडीच वर्षांत फरक जाणवायला लागतो. आतच बसवलेली असेल तर त्या दिवशी अख्खं यंत्र भंगारात. नवी बॅटरी केवढ्याला मिळते ते खरेदीच्या आधी विचारा. यंत्राच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त सांगितली तर ते यंत्र सोडून द्या.

उन्हाळ्यात नागपूर-अकोल्याकडे आणखी एक काळजी. केर काढून झाल्या झाल्या बॅटरी तापलेली असते, ती अर्धा तास निवू द्या आणि मगच चार्जिंगला लावा. खोलीचं तापमान चाळिसाच्या वर असताना, दुपारी, बाल्कनीलगतच्या भिंतीवर चार्जिंग करू नका. रात्री किंवा पहाटे करा. गणपतीला किंवा सुट्टीत महिनाभर गावी जाणार असाल तर निम्मी चार्ज करून यंत्रापासून वेगळी काढून ठेवा. पूर्ण रिकामी ठेवलेली बॅटरी परत आल्यावर दिवाच लावत नाही.

अमेरिकेतून कुणी आणणार असेल तर चार्जरवर १००-२४० व्होल्ट लिहिलंय का बघा. लिहिलेलं असेल तर नुसता पिनेचा जोड लागेल. वायरवालं १२० व्होल्टचं यंत्र मात्र इथे २३० व्होल्टवर लावलं की जळेल. विमानात सुटी लिथियम बॅटरी हातातल्या सामानातच न्यावी लागते, आणि १०० वॉट-तासांच्या वर असेल तर विमान कंपनीची परवानगी लागते.

वायरवालं कुणी घ्यावं

वनबीएचके असेल, प्रत्येक खोलीत मोकळा सॉकेट असेल आणि बजेट तीन-चार हजारांच्या आसपास असेल तर वायरवाला स्टिक व्हॅक्युम हाच शहाणपणाचा सौदा. त्या किमतीचे बिनवायरीचे बहुतेक खेळण्यासारखे असतात. ६००-८०० वॉटच्या यंत्राला साधा ६ अँपिअरचा सॉकेट चालतो, ओढ शेवटपर्यंत सारखी राहते, बॅटरी म्हातारी होण्याचा प्रश्न नाही. वायर किमान पाच मीटरची हवी. रोज वीज जाणाऱ्या गावात केर काढायची वेळ आणि लोडशेडिंगची वेळ एकच असेल तर मात्र बिनवायरीचंच घ्यावं लागेल.

डबी आणि फिल्टर

डबी खालून झाकण उघडून ओतता येते की उपसून काढावी लागते, ते दुकानातच करून बघा. आतली जाळी केसांनी वेढली जाते. ती हाताने बाहेर निघाली पाहिजे.

'हेपा' (अगदी बारीक कण अडवणारा फिल्टर) या शब्दावर एकट्यावर विसंबू नका. युरोपीय मानकानुसार एच १३ दर्जाचा फिल्टर, अडवायला सगळ्यात अवघड अशा आकाराचे किमान ९९.९५ टक्के कण अडवतो. 'हेपा टाइप', 'हेपासारखा' यांना असा काही अर्थ नाही. शिवाय फिल्टर कितीही चांगला असला तरी डबीच्या रबरातून हवा निसटत असेल तर धूळ तिथून बाहेर येते. दम्याचा त्रास असलेलं कुणी घरात असेल तर झाकणाची आणि फिल्टरची रबरं बोटाने चाचपून बघा. सैल, पातळ, अर्धवट बसलेली नकोत.

धुता येणारा फिल्टर घ्या आणि पहिल्याच दिवशी जोडीला दुसरा मागवा. धुतलेला फिल्टर पूर्ण वाळायला चोवीस तास लागतात. मुंबई-कोकणात जुलैमध्ये पंख्याखाली ठेवूनही दोन दिवस. ओलसर फिल्टर बसवला की धूळ त्यावर चिकटून लेप बसतो, कुबट वास सुटतो आणि ओलावा मोटरकडे जातो. दुसरा फिल्टर हाताशी नसेल तर पावसाळ्यात नेमकं हेच घडतं.

दुकानातली चाचणी

खिशात तीन पुड्या न्या: चमचाभर तांदूळ, चमचाभर रवा, चिमूटभर मीठ. डोक्याचे चार-सहा लांब केसही. टाइलवर सांडा आणि मधल्या गतीवर, सावकाश, अर्ध्या मीटरला एक सेकंद या वेगाने एकदाच पुढे न्या. तांदूळ पुढे ढकलला गेला की मागे उडाला ते बघा. मीठ मुद्दाम दोन टाइलांच्या सांध्यात टाका. निम्म्याहून जास्त राहिलं तर हवेचा प्रवाह कमी आहे. रवा भिंतीलगत टाका आणि कडेला किती रेघ उरते ते बघा. मग केस, हेड उलटं करून ते डबीत गेले की रोलरवर गुंडाळले गेले, ते तपासा. शेवटी डबी ओतून बघा.

आवाजासाठी डेसिबल वाचत बसू नका. यंत्र चालू असताना शेजारच्याशी न ओरडता बोलता आलं तर पुष्कळ झालं.

ऑनलाइन मागवलं तर हीच चाचणी आल्या दिवशीच घरी करा. परत करण्याची मुदत थोडीच असते. खोकं उघडतानाचा व्हिडिओ काढा आणि मुदत संपेपर्यंत खोकं फेकू नका. बॅटरी आणि चार्जरवर बीआयएसचं (भारतीय मानक ब्यूरोचं) चिन्ह आणि 'आर'ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. तो 'बीआयएस केअर' अ‍ॅपवर टाकून तपासता येतो. वॉरंटीत यंत्राची आणि बॅटरीची मुदत वेगवेगळी लिहिलेली असते, दोन्ही वाचा. सर्व्हिस सेंटर तुमच्या गावात आहे की पुण्याला पार्सल करायचं, हे सांगली-लातूरच्या माणसाने सक्शनच्याही आधी विचारावं.

काय ओढू नये

रांगोळी. दगडाची ती पूड फिल्टरच्या घड्यांत घुसते आणि एका दिवाळीत फिल्टर बाद करते. ती आधी केरसुणीने भरा, मग राहिलेल्या रेघेवरून व्हॅक्युम फिरवा. सांडलेलं पीठ, टाल्कम पावडर, भिंत घासल्यावर पडलेली पुट्टी आणि सिमेंट यांचंही तसंच. देवघरासमोरची उदबत्तीची किंवा धुपाची राख विझली असं वाटलं तरी आत निखारा असू शकतो, आणि डबीत तर सुका केस-कापूस भरलेला. तिथे ओला कपडाच वापरा. पाणी, ओला भाजीपाला, टाचण्या, काचा यंत्रापासून लांब ठेवा. बाल्कनीतली कबुतरांची वाळलेली विष्ठा कधीही सुकी ओढू नका. तिची धूळ फुप्फुसाला घातक असते. पाणी मारून, तोंडाला मास्क लावून पुसा. मुंग्या-झुरळं ओढली तर डबी लगेच घराबाहेर ओता, ती जिवंत परत येतात.

बिघडतं कुठे

मोटर हुप्प-हुप्प करत थांबून थांबून चालू लागली तर ती बिघडलेली नसते. हवा अडली आहे. आधी डबी, मग फिल्टर, मग नळी, मग हेडच्या मानेतला वाकडा भाग, या क्रमाने बघा. नळी उजेडाकडे धरून आरपार बघा; बहुतेक वेळा मोजा, दूधपिशवीचा कोपरा किंवा केसांचा गोळा सापडतो.

रोलर फिरायचा थांबला पण मोटर चालू आहे, तर रोलरच्या टोकाशी दोरा किंवा केस अडकलेत. बॅटरी काढा, मगच हात घाला. केस रोलरच्या लांबीच्या दिशेने कात्रीने कापा. आडवं कापलं तर मऊ रोलरचं कापडही कापलं जातं. हे दर रविवारी केलं तर दोन मिनिटांचं काम, नाहीतर टोकाचं बेअरिंग केसांच्या घर्षणाने तापतं आणि प्लॅस्टिक वितळतं. मऊ रोलर धुता येतो, उभा ठेवून दिवसभर वाळवायचा. हेड मात्र पाण्याखाली धरू नका. त्यात मोटर आणि वायरी असतात.

ओढ कमी झाल्यासारखी वाटली की लोक सरळ वरची गती लावतात आणि बॅटरी लवकर संपते म्हणून तक्रार करतात. दोन्हीचं मूळ बहुधा फिल्टरमध्ये असतं. रोज वापरात फिल्टर आठवड्याला झटका, महिन्याला साध्या पाण्याने धुवा, साबण नको. डबी 'मॅक्स' रेषेपर्यंत भरू देऊ नका. त्याच्या अलीकडेच धूळ वर फिल्टरकडे उडायला लागते.

फिल्टर स्वच्छ, रोलर मोकळा, तरी दहा मिनिटांत बंद पडायला लागलं तर बॅटरीचं वय झालं. नवी घेताना कंपनीचीच घ्या, किंवा निदान बीआयएस नोंदणी क्रमांक असलेली. निनावी स्वस्त बॅटरीत सेल जुने काढलेले असू शकतात आणि अति-चार्ज रोखणारं सर्किट नसण्याचीही शक्यता असते. फुगलेली, वास येणारी बॅटरी चार्जिंगला लावून 'बघू चालते का' असा प्रयोग करू नका. जुनी बॅटरी घंटागाडीत टाकायची नाही. २०२२च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. बॅटरीच्या धातूच्या टोकांवर चिकटपट्टी लावून ती सर्व्हिस सेंटरला द्या.